कॉर्सिका बेटावर फेरीबोट आणि मोटारीने प्रवास : मार्ग कसा आखावा?

सह्यवाट (धागालेखक)

स्वित्झर्लंड, जर्मनी आणि नेदरलँड्स येथे राहणारे बरेच मराठी मित्र उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी भूमध्य समुद्रातील कॉर्सिका या फ्रान्सच्या बेटाचा विचार करू लागले आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो की एका आठवड्यात गाडीने बेटाची पूर्ण प्रदक्षिणा होते का. माझे उत्तर असे की होते, पण ती करू नये. बेट १८३ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त ८३ किलोमीटर रुंद आहे, त्यामुळे नकाशावर अंतरे किरकोळ वाटतात. मात्र एवढ्याशा जागेत दोन हजार मीटरहून उंच अशी शंभरावर शिखरे दाटीने उभी आहेत. सर्वांत उंच मोन्ते चिंतो २,७०६ मीटरचे असून तेथून समुद्र जेमतेम पंचवीस किलोमीटरवर आहे. पश्चिम किनाऱ्यावर हे डोंगर थेट पाण्यात उतरतात, आणि रस्ता प्रत्येक दरीत आत शिरून पुन्हा बाहेर येतो. काल्व्ही ते पोर्तो हे अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे, पण कोठेही न थांबता त्याला सव्वादोन ते अडीच तास लागतात, आणि न थांबता जावे असा तो रस्ताच नाही. फ्रान्सच्या मुख्य भूमीवर असतो तसा द्रुतगती महामार्ग या बेटावर एकही नाही.

म्हणून आखणीची सुरुवात बंदरांपासून करावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. बास्तिया, अजाक्सिओ, लिल-रूस, पोर्तो-व्हेक्यो, प्रोप्रियानो आणि बोनिफासिओ अशी अनेक बंदरे असताना एकाच बंदरात उतरून तेथूनच परतणे म्हणजे एक दिवस पुन्हा त्याच वाटेवर घालवणे. बोटीचे जाण्याचे आणि परतीचे तिकीट वेगवेगळ्या बंदरांचे काढता येते, आणि कॉर्सिकाच्या प्रवासात यासारखी मोठी सोय दुसरी नाही. इटलीतील लिव्होर्नोहून बास्तिया सुमारे चार-साडेचार तासांवर आहे, तर मार्सेय आणि तूलाँ येथून रात्रीच्या बोटी निघतात व सकाळी बेटावर पोहोचवतात. नीसहून दिवसाच्या बोटी आहेत, आणि जेनोआ व साव्होना ही बंदरे आल्प्सकडून येणाऱ्यांना सोयीची पडतात.

मी सुचवीन तो मार्ग असा. लिव्होर्नोहून बास्तियाला उतरावे आणि बेटाच्या उत्तरेला बोटासारखा बाहेर आलेला काप कॉर्सचा डोंगराळ भाग पाहून साँ-फ्लोराँला मुक्काम करावा. तेथून लिल-रूस व काल्व्हीमार्गे पोर्तोला जावे. पोर्तोहून आत वळून एव्हिझाची चेस्टनटची बने, आयतोनचे पाइनचे अरण्य आणि १,४७७ मीटर उंचीची व्हेरजिओ खिंड ओलांडून स्काला दि सांता रेजिनाच्या अरुंद घळीतून कोर्ते हे बेटाच्या मध्यावरचे डोंगरी शहर गाठावे. व्हेरजिओ ही बेटावरील सर्वांत उंच गाडीरस्त्याची खिंड आहे. कोर्तेहून व्हिझाव्होना खिंडीने अजाक्सिओला उतरून रात्रीची बोट धरावी. यात दक्षिण टोक सुटते, याची मला जाणीव आहे. बोनिफासिओ अतिशय सुंदर आहे, पण आठवडाच हाती असेल तर ते पुढच्या खेपेसाठी ठेवावे, कारण एका दिवसात ते पाहून येण्याच्या खटाटोपात पोर्तो आणि कोर्ते या दोन्ही ठिकाणांचा वेळ खाल्ला जातो.

निळावंती

लेख फार उपयुक्त आहे, परंतु मार्गाच्या दिशेबद्दल माझा मतभेद आहे. फ्रान्समध्ये वाहने उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे बेटाभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गेल्यास आपली गाडी डोंगराच्या कुशीला राहते आणि उलट दिशेने गेल्यास दरीच्या काठाला येते. तुम्ही सुचवलेला काल्व्हीहून दक्षिणेकडे पोर्तोला येणारा डी ८१ हा रस्ता पूर्णपणे समुद्राच्या बाजूने चालवावा लागतो, आणि काही ठिकाणी कठडा म्हणजे गुडघ्याएवढी जुनी दगडी भिंत असते. पोर्तोच्या दक्षिणेला पियानाच्या लाल कड्यांमधून जाताना तर समोरून पर्यटकांची मोठी बस आली की दोन्हीकडील वाहने अडून राहतात. काप कॉर्सलाही हेच लागू आहे : बास्तियाहून निघून पूर्व किनाऱ्याने वर आणि पश्चिम किनाऱ्याने खाली आलात, तर नोंझाजवळचा सर्वांत उंच भाग दरीच्या काठाने पार करावा लागतो. भारतात डावीकडून गाडी चालवण्याची सवय असलेल्यांनी, विशेषतः पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी, हा संपूर्ण मार्ग उलटा करावा असे मला वाटते.

सह्यवाट

निळावंती, आपला मुद्दा रास्त आहे आणि ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी तो जरूर मानावा. अशांनी मार्सेय किंवा तूलाँहून रात्रीच्या बोटीने अजाक्सिओला उतरावे, सकाळी ताज्या मनाने कार्जेज आणि पियानामार्गे उत्तरेकडे निघावे, आणि काल्व्ही, साँ-फ्लोराँ, काप कॉर्स करत शेवटी बास्तियाहून लिव्होर्नोची दिवसाची बोट घ्यावी. कोर्तेसाठी पोर्तोहून किंवा शेवटी बास्तियाहून आत जाता येते.

तरीही समुद्राच्या बाजूने जाण्यात एक मोठा लाभ आहे. गाडी थांबवण्याच्या बहुतेक लहान जागा दरीच्या बाजूला आहेत, आणि त्या बाजूने जाणाऱ्याला समोरची वाहतूक न ओलांडता तेथे थांबता येते. आंधळ्या वळणावर रस्ता ओलांडून थांबणे हे कठड्याजवळून चालवण्यापेक्षा मला अधिक धोक्याचे वाटते. मात्र चालक निर्धास्त नसेल तर या युक्तिवादाला काही अर्थ उरत नाही, हेही खरे.

अरुंद जागी वाट कोणी द्यायची याचा फ्रान्समधील नियम आपल्या घाटांतल्यासारखाच आहे : तीव्र उतारावर उतरणाऱ्याने आधी थांबायचे आणि चढणाऱ्याला वाट द्यायची. मागे जाण्याची वेळ आली तर हलके वाहन अवजड वाहनासाठी मागे येते. वरंधा घाटात पावसाळ्यात गाडी चालवलेल्या माणसाला येथे वळणांचे नवल वाटणार नाही. स्थानिक लोक मात्र वेगाने येतात आणि मागून अगदी जवळ राहतात. त्यांना पुढे जाऊ द्यावे, उजवा दिवा लावून पुढच्या रुंद जागी बाजूला व्हावे. त्यात कमीपणा नाही.

दूरदेशी

मी भारतातून जाणार आहे. स्वतःची गाडी नाही. अशा वेळी फेरीचा आग्रह धरावा का, की विमानाने बास्तियाला उतरून तेथेच गाडी भाड्याने घ्यावी? आमच्यासोबत सत्तरीच्या पुढचे आई-वडील आहेत, आणि आईला वळणांच्या रस्त्यावर मळमळते.

सह्यवाट

आपल्या परिस्थितीत विमानच योग्य आहे. बोटीचा फायदा स्वतःची गाडी असणाऱ्यांना, किंवा मुख्य भूमीवर भाड्याने घेतलेली गाडी बोटीवर नेण्याची लेखी परवानगी ज्यांच्याकडे आहे त्यांना मिळतो. बऱ्याच भाडेकरारांत गाडी बोटीवर चढवण्यास किंवा फ्रान्समधून इटलीच्या बेटावर नेण्यास मनाई असते, आणि ते कलम मोडल्यास विमा निरुपयोगी ठरतो. म्हणून कॉर्सिका आणि त्याच्या दक्षिणेचे इटलीचे सार्डिनिया बेट दोन्ही पाहायचे असतील तर बोनिफासिओला गाडी परत करून प्रवासी म्हणून सामुद्रधुनी ओलांडावी व पलीकडे दुसरी गाडी घ्यावी, हा पर्याय आधी तपासावा. बोनिफासिओ ते सार्डिनियातील सांता तेरेसा गाल्लुरा हा प्रवास पाऊण ते एका तासाचा आहे. वारा जोराचा असला की ही बोट रद्द होते, म्हणून त्याच दिवशी पुढचे विमान ठेवू नये.

गाडी लहान घ्यावी. स्वयंचलित गिअरच्या गाड्या बेटावर कमी असतात, त्यामुळे त्या फार आधी राखून ठेवाव्या लागतात. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना सोबत ठेवावा. कॉर्सिका शेंगेन क्षेत्रातच असल्यामुळे फ्रान्सचा किंवा इटलीचा शेंगेन व्हिसा चालतो. बोटीवर चढतानाही पारपत्र विचारले जाऊ शकते, ते सामानात खोल ठेवू नये.

आईंबद्दल : त्यांच्यासाठी रेल्वे हा उत्तम उपाय आहे. बास्तिया ते अजाक्सिओ ही अरुंद मापाची रेल्वे १८९४ मध्ये पूर्ण झाली. ती कोर्ते आणि व्हिझाव्होनावरून डोंगर ओलांडते, वाटेत व्हेक्यो नदीवर गुस्ताव्ह आयफेल यांच्या कंपनीने बांधलेला पूल आहे आणि व्हिझाव्होनाला सुमारे चार किलोमीटरचा बोगदा आहे. प्रवासाला साधारण पावणेचार तास लागतात. आपल्यापैकी एकाने गाडी पुढे न्यावी आणि बाकीच्यांनी आगगाडीने यावे, असेही करता येईल. काल्व्ही आणि लिल-रूस यांच्या दरम्यान किनाऱ्याच्या कडेने धावणारी लहान गाडी तर पुळणींच्या थांब्यांवर उतरवते, आणि वृद्ध माणसांना समुद्राचा दिवस कष्टाशिवाय मिळतो.

पानगळ

रेल्वेचा उल्लेख केल्याबद्दल आभार. पूर्व किनाऱ्यावरही एकेकाळी पोर्तो-व्हेक्योपर्यंत रेल्वे होती. १९४३ च्या युद्धात ती उद्ध्वस्त झाली आणि पुन्हा बांधली गेली नाही. त्यामुळे आज दक्षिणेकडे जायचे तर टी १० हा रस्ताच आहे. तो सरळ आणि सपाट आहे, बास्तियाहून बोनिफासिओपर्यंत तीनेक तासांत जाता येते, आणि मळमळणाऱ्या प्रवाशांना तोच एक रस्ता खरोखर सोसतो. पूर्वेचे हे मैदान दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत हिवतापाने ग्रासलेले होते. किनाऱ्यावर समुद्री चाचे आणि मैदानात हिवताप, म्हणून गावे डोंगरावर गेली. बेटावरचे रस्ते इतके वळणाचे का आहेत, याचे उत्तर यातच आहे : ते डोंगरातली गावे जोडणाऱ्या जुन्या खेचरवाटांवरून आले आहेत. किनाऱ्यावर जागोजागी दिसणारे गोल दगडी बुरूज जेनोआ या इटालियन नगरराज्याच्या राजवटीत चाच्यांची चाहूल लागावी म्हणून बांधले गेले. एका बुरुजावर जाळ पेटला की पुढच्या बुरुजावर इशारा जात असे.

गडवाट

पानगळ यांच्या प्रतिसादाला जोडून. कोर्तेला जाणाऱ्यांनी हा इतिहास आधी वाचावा, म्हणजे तेथील किल्ला नुसता किल्ला राहणार नाही. १७५५ मध्ये पास्क्वाले पाओली यांच्या नेतृत्वाखाली कॉर्सिकन लोकांनी जेनोआविरुद्ध स्वतःचे राज्य उभारले, लिखित राज्यघटना केली, आणि कोर्ते ही राजधानी ठरवली. १७६५ मध्ये तेथे विद्यापीठ सुरू झाले. १७६८ मध्ये जेनोआने बेट फ्रान्सच्या हवाली केले आणि मे १७६९ मध्ये पोंते नोव्हूच्या लढाईत पाओलींचा पराभव झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला अजाक्सिओमध्ये नेपोलियनचा जन्म झाला. पराभवानंतर बंद पडलेले विद्यापीठ १९८१ मध्ये पुन्हा उघडले आणि आज पाओलींच्याच नावाने चालते. पोंते नोव्हूचा जुना पूल बास्तिया-कोर्ते रस्त्यालगतच आहे. बहुतेक गाड्या त्याच्या शेजारून निघून जातात. तेथे दहा मिनिटे थांबावे, अशी माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे. रस्त्यावरील पाट्यांवर फ्रेंच नावांवर काळा रंग फासलेला किंवा बंदुकीच्या गोळ्यांची भोके पडलेली दिसतील. त्यामागे भाषेचा आणि स्वायत्ततेचा जुना प्रश्न आहे, आणि स्थानिकांशी बोलताना त्याचा आदर राखला पाहिजे.

चुलखंड

आम्ही शाकाहारी आहोत. तेथे सर्वत्र डुकराचे मांसच मिळते असे ऐकले आहे. आमची उपासमार होईल का?

निळावंती

उपासमार होणार नाही, पण थोडी माहिती हवी. ब्रोच्यू नावाचे मेंढीच्या किंवा बकरीच्या दुधाच्या निवळीपासून बनवलेले ताजे चीज हा तेथील स्वयंपाकाचा कणा आहे. ब्रोच्यू भरलेली कॅनेलोनी (पास्त्याच्या जाड नळ्या) आणि पुदिना घातलेले ब्रोच्यूचे ऑम्लेट बऱ्याच ठिकाणी मिळते, मात्र ऑम्लेट अंडी खाणाऱ्यांसाठीच. ब्रोच्यू हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत ताजे असते, ऑगस्टमध्ये त्याच नावाने पुष्कळदा दुसरे चीज वापरले जाते. त्यामुळे मे महिन्यात जाणाऱ्यांचे जेवण अधिक चांगले होते. चेस्टनटच्या पिठाचा केक आणि त्याच पिठाची पुलेंदा (घट्ट उकड) अवश्य खावी. जेनोआच्या कारभाऱ्यांनी सोळाव्या शतकात चेस्टनटसह फळझाडे लावण्याची सक्ती केली, आणि पुढे कास्तान्यिच्चासारख्या डोंगरी भागात शतकानुशतके लोक चेस्टनटच्या पिठावरच जगले. कॉर्सिकन सूप भाज्यांचे आणि घेवड्याचे दिसत असले तरी त्यात बहुधा हॅमचे हाड असते, म्हणून विचारून घ्यावे. एक सूचना : डोंगरातल्या गावांत दुपारचे जेवण बारा ते दोनच्या दरम्यानच मिळते. अडीचला पोहोचलात तर स्वयंपाकघर बंद झालेले असते. गाडीत ब्रेड, फळे आणि पाणी नेहमी ठेवावे.

सह्यवाट

आता रस्त्याच्या काही गोष्टी. गाई, बकऱ्या आणि मोकळी डुकरे रस्त्यावर असतात. एव्हिझा आणि व्हेरजिओच्या परिसरात तर डुकरांचे कळप चेस्टनटच्या झाडांखाली चरून डांबरावरच आडवे होतात. त्यांना खायला घालू नये, आणि अंधार पडल्यावर डोंगरी रस्त्यावर गाडी चालवू नये. पेट्रोलपंप आतल्या भागात विरळ आहेत, त्यामुळे खिंडीकडे वळण्यापूर्वी टाकी भरावी. दरीत मोबाइलचे जाळे जाते, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्यावा आणि त्यावर दिसणाऱ्या वेळेत किमान तिसरा हिस्सा मिळवावा.

जुलै-ऑगस्टमध्ये जंगलातील वणव्यांचा धोका वाढला की डोंगरांतले काही भाग त्या दिवसापुरते बंद केले जातात. सकाळी निघण्यापूर्वी प्रशासनाचा नकाशा पाहावाच. शेकोटी पेटवण्यास बंदी आहे आणि मोकळ्यावर तंबू ठोकण्यासही. वादळाच्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करू नये. १८ ऑगस्ट २०२२ च्या सकाळी अचानक आलेल्या वादळात मारिन्याना येथे ताशी २२४ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला, आणि बेटावर माणसे दगावली. त्यांत तंबूंच्या तळांवर उतरलेले लोकही होते. समुद्र शांत दिसतो म्हणून निश्चिंत राहण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत.

कोर्तेजवळच्या रेस्टोनिका दरीचा रस्ता अतिशय अरुंद आहे आणि उन्हाळ्यात तेथील वाहनांवर नियंत्रण असते. बाव्हेलाचे सुळके आणि लाव्हेझी बेटे येथेही गर्दी आवरण्यासाठी नियम केले आहेत. काही पर्यटक याबद्दल नाराजी व्यक्त करतात, पण मला हे नियम योग्य वाटतात. सुमारे साडेतीन लाख वस्तीच्या बेटावर एका ऋतूत कित्येक पटींनी माणसे येतात, आणि बाव्हेलाची खिंड किंवा रेस्टोनिका दरीतील मेलोचे सरोवर हे भार सोसण्यासाठी बनलेले नाही.

दूरदेशी

पोर्तोजवळच्या स्कांदोला अभयारण्याबद्दल कोणी सांगेल का? तेथे गाडीने जाता येते का?

पानगळ

गाडीने जाता येत नाही. १९७५ मध्ये राखीव झालेला तो ज्वालामुखीजन्य लाल खडकांचा भाग आणि शेजारचे पियानाचे कडे, जिरोलाताचे आखात यांसह १९८३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. तो बोटीतूनच पाहावा लागतो, आणि आत उतरण्यास परवानगी नाही. जिरोलाता या गावालाही गाडीरस्ता नाही. डी ८१ वरील ला क्रॉ खिंडीत गाडी ठेवून सुमारे दीड तास चालत खाली उतरावे लागते, आणि परतताना तीच चढण चढावी लागते. आपल्या आई-वडिलांसाठी पोर्तोहून निघणारी बोट बरी. सकाळी निघणारी घ्यावी, कारण दुपारनंतर पश्चिमेचा वारा वाढतो आणि लहान बोट बरीच हेलकावते. कड्यांचा लाल रंग मात्र मावळतीच्या उन्हात अधिक खुलतो, म्हणून संध्याकाळी पियानाजवळ रस्त्यावरून तेच कडे पुन्हा पाहावेत.

बंदरवारा

आम्ही सप्टेंबरमध्ये स्वतःच्या गाडीने लिव्होर्नोहून निघणार आहोत. बोटीवर गाडी चढवण्याचा अनुभव नाही. नेमके काय करावे लागते?

सह्यवाट

सप्टेंबर उत्तम : पाणी उबदार असते आणि गर्दी ओसरलेली असते. तिकीट काढताना गाडीची लांबी आणि उंची खरी सांगावी. टपावर सामानपेटी असेल तर तिच्यासह उंची मोजावी, कारण कमी उंचीच्या मजल्यावर ती गाडी बसत नाही आणि बंदरावर वाद होतो. तिकिटावर दिलेल्या वेळेच्या आधी पोहोचावे. सुटण्यापूर्वी किमान दीड तास तरी धक्क्यावर असावे, आणि लिव्होर्नोचे बंदर मोठे असल्यामुळे आपल्या बोटीचा धक्का शोधण्यासाठी वेगळा वेळ धरावा. रांगेत उभे असताना रात्रीची किंवा दिवसाची लागणारी पिशवी, औषधे, उबदार कपडा आणि कागदपत्रे वेगळी काढून ठेवावीत, कारण बोट सुटल्यावर गाड्यांचा मजला बंद होतो आणि उतरेपर्यंत खाली जाता येत नाही.

चढताना फक्त कर्मचाऱ्यांच्या हातांकडे पाहावे. ते गाडी अगदी पुढच्या गाडीला चिकटवून लावायला सांगतात, कधी उताराच्या फळीवरून वरच्या मजल्यावर पाठवतात. गाडी लावल्यावर हातब्रेक ओढावा, गिअरमध्ये ठेवावी आणि हालचालीने वाजणारा चोरीविरोधी गजर बंद करावा, नाहीतर लाटांमुळे तो सारखा वाजत राहतो. मग जिन्याचा क्रमांक आणि मजल्याचा रंग लिहून घ्यावा, कारण उतरण्याची घोषणा झाल्यावर शेकडो माणसे एकाच वेळी खाली येतात आणि सगळे मजले सारखेच दिसतात. गाडी सुरू करण्याची घाई करू नये. पुढची रांग हलेपर्यंत इंजिन बंद ठेवावे, बंद मजल्यावर धूर कोंडतो.

बास्तियाला उतरल्यावर बंदरातून थेट शहराच्या मधोमध बाहेर पडता. पहिला चौक गजबजलेला असतो, तेव्हा साँ-फ्लोराँला जाणाऱ्या तेघिम खिंडीचा मार्ग बोटीवरच लावून ठेवावा. ५३६ मीटर उंचीच्या त्या खिंडीत आभाळ स्वच्छ असले तर थांबावे, एका बाजूला बास्तियाचा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला साँ-फ्लोराँचे आखात दिसते. काप कॉर्स दुसऱ्या दिवशी साँ-फ्लोराँहून करावा. निळावंतींनी सांगितल्याप्रमाणे गाडी डोंगराच्या बाजूला राहील, आणि संपूर्ण दिवस हाती असल्यामुळे नोंझा व सांतुरी येथे थांबता येईल. तुमच्या मुक्कामांची यादी येथे लिहिलीत तर त्यावर आणखी सांगता येईल.